कमांड दुसऱ्यांदा चालली तर?

दुकानात चार कॉम्प्युटर झाले की प्रत्येकावर हाताने सेटिंग करत बसू नका, हे मी नेहमी सांगतो. अ‍ॅन्सिबलसारखं टूल फुकट मिळतं. कामांची यादी एकदा लिहिली की सगळीकडे सारखं सेटिंग होतं. पण त्या यादीत स्वतःची कमांड घालताना सावध राहा.

टूलची तयार मॉड्यूल्स बहुतेक वेळा आधी बघतात, काम झालंय का. झालं असेल तर हात लावत नाहीत. आपली कमांड मात्र दर वेळी चालते. मी नवीन प्रिंटरसाठी यादी पुन्हा चालवली आणि बिल नंबर १ पासून सुरू करणारी जुनी कमांडही चालली. संध्याकाळपर्यंत एकाच नंबरची दोन-दोन बिलं! जीएसटीत एका आर्थिक वर्षात बिल नंबर रिपीट झालेला चालत नाही. निस्तरता निस्तरता रात्र गेली.

उपाय एका ओळीचा आहे: 'क्रिएट्स' ही अट. तिच्यात सांगितलेली फाईल आधीच असेल तर कमांड चालत नाही. काम झाल्यावर ती फाईल तयार होते ना, तेवढं बघा.

माझं स्पष्ट मत आहे, सेटअपवाल्याला पैसे देण्याआधी विचारा, "हेच पुन्हा चालवलं तर काय होईल?" आणि रिकाम्या कॉम्प्युटरवर दोनदा चालवून दाखवायला सांगा.