जुनी मोटारसायकल भंगारात देऊ नका



मुलांचे हात ग्रीसने काळे झाले की आपल्या घरांत एक ठरलेला प्रश्न येतो : "मोठेपणी मेकॅनिक व्हायचंय का?" आम्हाला हा प्रश्न आवडत नाही. मेकॅनिक होण्यात कमीपणा काहीच नाही. शिवाय जॉन्सनव्हिलमध्ये आपल्याकडे गॅरेज आहे, वाऱ्यापावसात घरात अडकून पडायचे शनिवार-रविवार आहेत, आणि कुणाच्या तरी शेडमध्ये वर्षानुवर्षे पडलेली मोटारसायकल असते, जी त्याला नकोशी झालेली असते. ती आणून थोड्या पैशांत, घरच्या घरी, मुलांना हाताशी घेऊन चालू करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पैसे नाहीत, ही सबब आम्हाला पटत नाही. याच देशातल्या इन्व्हरकार्गिलच्या बर्ट मन्रो यांचे पाहा. त्यांची इंडियन स्काउट 1920 ची. मुळात ती ताशी सुमारे 55 मैल पळायची. मन्रो तिच्यावर कित्येक वर्षे शेडमध्ये खपले. पिस्टनसुद्धा जुन्या डब्यांत धातू ओतून घरीच घडवले. 1967 साली, वयाच्या 68 व्या वर्षी, त्यांनी त्याच गाडीवर अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर 1000 सीसीखालच्या गटात विक्रम केला. आकडेमोडीतली चूक 2014 मध्ये दुरुस्त झाली, तेव्हा तो वेग ताशी 184.087 मैल ठरला, म्हणजे सुमारे 296 किलोमीटर. 2005 मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, तो मुलांना जरूर दाखवा. क्राइस्टचर्चच्या जॉन ब्रिटन यांनीही रेसची मोटारसायकल घरच्या गॅरेजमध्येच बांधली. त्यांची एक गाडी आपल्या वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयाकडे आहे.

हे इथल्या लोकांचे वेड, आपले नव्हे, असे कुणी म्हणेल. मग लक्ष्मणराव किर्लोस्कर कोण होते? मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारा हा माणूस. त्यांच्या उद्योगाची सुरुवात 1888 साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून झाली. लोखंडी नांगर आणि 1910 ची किर्लोस्करवाडी नंतरची. पुस्तक आणि पाना एकाच हातात शोभतात, हे आपल्या लोकांना तेव्हा कळले होते.

आता कमी खर्चाचे. गाडी घेण्याआधी कागद पाहा. इथे फार काळ लायसन्स फी भरलेली नसेल आणि गाडी 'होल्ड'वरही ठेवलेली नसेल, तर नोंदणी रद्द होते. ती पुन्हा करून घेण्याचा खर्च कधी कधी गाडीच्या किमतीहून जास्त जातो. फुकटात मिळालेली गाडी अशीच महाग पडते.

उघडण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो काढा. आईस्क्रीमचे दोन लिटरचे रिकामे डबे धुऊन ठेवा, त्यांत नट-बोल्ट घाला आणि वर चिठ्ठी लावा. चिठ्ठी मुलांनी मराठीत लिहावी. इंजिन जाम असेल तर किकवर उड्या मारू नका. प्लग काढून भोकातून गंज सोडवणारे तेल ओता आणि चार दिवस विसरून जा. पेट्रोलची टाकी आतून गंजलेली असणारच, समुद्राचा खारा वारा काय सोडतो! सुपरमार्केटमधले साधे पांढरे व्हिनेगर टाकीत काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवा. मग ओतून टाका, खायच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, लगेच पूर्ण वाळवा आणि आत थोडे तेल फिरवा. सोडा विसरलात तर राहिलेले आम्ल पत्रा खातच राहते. आठवीच्या रसायनशास्त्राच्या धड्यापेक्षा हे मुलांच्या जास्त लक्षात राहील. हे सगळे दार उघडे ठेवून, हातमोजे घालून. आणि पेट्रोल मोठ्या माणसानेच हाताळावे.

पैसे थोडे असले की क्रम फार महत्त्वाचा. आधी ब्रेक आणि टायर, आणि ते नवेच, तिथे काटकसर नको. मग वायरिंग, कार्बोरेटर, चेन. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी. पुष्कळ लोक आधी टाकी चकचकीत रंगवतात आणि तिथेच पैसे संपतात. मग ती सुंदर टाकी कपाटावर जाऊन बसते.

पुण्याला जाणारे नाना पेठेतून पार्ट आणतात. जुने पार्ट आणायचे तर धुऊन, मातीचा कण न ठेवता आणा आणि विमानतळावर जाहीर करा.

आयांची भीती आम्हाला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. मोटारसायकल धोक्याचीच. पण दुरुस्त करणे म्हणजे चालवणे नव्हे. शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही, त्याआधी गाडी हाताळण्याची परीक्षाही द्यावी लागते. बारा वर्षांच्या मुलीने कार्बोरेटर साफ केला म्हणून ती उद्या हायवेवर जाणार नाही. (होय, मुलीने. फक्त मुलग्यांना हाक मारणाऱ्या बाबांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

खरी काळजी आम्हाला वेगळीच वाटते. वर्गात मुले दिवाळी, ससा-कासव आणि भाज्यांची नावे मराठीत शिकतात. घरी बाबांनी पाना उचलला की मात्र तेच इंग्रजीत बोलू लागतात. आटे गेले, बोल्ट जाम झाला, कार्बोरेटरमध्ये कचरा आला, चेन सैल पडली, आवळ, अजून थोडे, बस : ही मराठी कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. ती ज्यांना येते ते आजोबा आता फोनवरच भेटतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी येझदी चालवली आहे. तिची किक हाच गिअर टाकायचा दांडा होता. म्हैसूरचा तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला, पण किक मारल्यावर तोच दांडा कसा वळवायचा, हे विचारले तर आजोबा अर्धा तास बोलतील.

या रविवारी फोन लावाल तेव्हा "जेवलात का?" झाल्यावर एवढे विचारा : आजोबा, तुमच्या गाडीचा प्लग काळा पडला की तुम्ही काय करायचात? उत्तर त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या आणि वर्गात आणा. पुढच्या अंकात छापू.