थकबाकीदाराचा पावसाळा

श्रावणात दाभोसा धबधबा पाहायला मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात. त्याच दिवसांत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कणग्या रिकाम्या होतात. मी बँकेत असताना अशाच एका पावसाळ्यात इथला एक वारली शेतकरी समोर येऊन बसला. "साहेब, भातापुरते द्या." आधीचे पीककर्ज थकलेले. नियमावर बोट ठेवून मी त्याला परत पाठवले.

तो वीटभट्टीच्या मुकादमाकडे गेला. मुकादमाने जुनी बाकी विचारली नाही. घरात कामाचे हात किती, एवढेच विचारले आणि उचल दिली. दिवाळीनंतर सारे कुटुंब भिवंडीकडे.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली म्हणतात! आदिवासी विकास महामंडळाचे खावटी कर्ज होते. २०२० मध्ये त्याऐवजी अनुदान आले. कुटुंबामागे चार हजार, निम्मे रोख, निम्मे वस्तुरूपात, तेही एका वर्षापुरते.

आता माझ्या खुर्चीत सिबिलचा आकडा बसला आहे. त्याला थकलेला हप्ता दिसतो. विटा थापून फेडलेली उचल दिसत नाही. ती कर्जफेड नव्हे काय? जुन्या बाकीचे हप्ते पाडून अशा माणसाला पावसाळ्यापुरते लहान कर्ज दिलेच पाहिजे, असे माझे मत आहे. ते मला उशिरा सुचले. त्याच्या मुलीची शाळा त्याच वर्षी सुटली होती.