उंचवट्याखाली काय आहे?

आपल्या स्मरणिकेत डोळ्यांवरचा लेख म्हणजे मोतीबिंदू किंवा मधुमेह, असा शिरस्ता आहे. यंदा मी थोडा आडवळणाचा विषय घेतो आहे, कारण त्यात माझ्या एका चुकीची कबुली आहे.

दृष्टिपटलाच्या मागे रंजक पेशींचा एकपदरी थर असतो. प्रकाशग्राही पेशींचे पोषण व त्यांच्या टाकाऊ भागांची विल्हेवाट हे त्याचे काम. हा थर खालच्या ब्रुक पटलापासून सुटून वर उचलला गेला, की त्यास पिगमेंट एपिथेलियल डिटॅचमेंट, थोडक्यात पीईडी, म्हणतात. ‘डिटॅचमेंट’ हा शब्द ऐकताच नातलग ‘पडदा सरकला’ असे समजून शस्त्रक्रियेच्या तयारीला लागतात. तो विकार निराळा. येथे घाई हवी ती कारण शोधण्याची. माझे स्पष्ट मत असे, की ताप किंवा कावीळ यांप्रमाणे पीईडी हे लक्षण आहे, निदान नव्हे.

काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ आले. उजव्या डोळ्याने त्यांना वहीच्या ओळी वाकड्या दिसत. ओसीटीत सुबक घुमट, आत काळी पोकळी, शेजारी थोडे पाणी. चित्र पाहूनच मी नव्या रक्तवाहिन्यांचा विकार गृहीत धरला आणि डोळ्यात इंजेक्शन देऊन मोकळा झालो. महिन्याने पाहतो तो उंचवटा तसाच. त्या वेळी त्यांच्या पत्नीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. दम्यासाठी कधीकाळी लिहून दिलेले प्रेडनिसोलोन ते जुन्याच चिठ्ठीवर दीड वर्ष घेत होते! विकार होता सेंट्रल सीरस कोरिओरेटिनोपथी. फिजिशियनच्या देखरेखीखाली गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि चार महिन्यांत पाणी ओसरले. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. इंजेक्शनचे पैसे त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून भरले होते, हे मला मागाहून कळले.

पन्नाशीच्या आत या विकाराचा व स्टिरॉइडचा विचार आधी करावा. पन्नाशीनंतर वार्धक्यजन्य मॅक्युला-ऱ्हासाचा. त्यात ड्रुसेनचे कण एकत्र येऊन थर उचलला जातो, किंवा खालून नव्या नाजूक रक्तवाहिन्या शिरतात, क्वचित रक्तही साठते. आशियाई लोकांत पॉलिपॉइडल व्हॅस्क्युलोपथी अधिक आढळते, हे आपण सहज विसरतो. ओसीटीवर उंची, आकार आणि आतला मजकूर समजतो. फ्लुओरेसीन अँजिओग्राफीत निव्वळ पाण्याचा उंचवटा एकसारखा, रेखीव कडेने भरतो. कडेला खाच दिसली तर लपलेल्या रक्तवाहिन्यांचा संशय घ्यावा. पॉलिप शोधायचे तर इंडोसायनिन ग्रीनला आजही पर्याय नाही, असे मी मानतो. ओसीटी अँजिओग्राफीत डाय टोचावा लागत नाही, ही सोय मोठी. परंतु तीत प्रत्येक पॉलिप दिसेलच असे नाही.

नव्या रक्तवाहिन्या असतील तेथे इंजेक्शनाने दृष्टी वाचते, यात शंका नाही. मात्र फार उंच पीईडीत रंजक थर फाटू शकतो, कधी इंजेक्शननंतरही. रुग्णास हे आधी सांगितलेच पाहिजे.

फॅमिली डॉक्टर मित्रांना माझी एक विनंती आहे. रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर स्टिरॉइडची नोंद करा. गोळ्यांबरोबर इनहेलर, नाकातला फवारा, त्वचेचे मलम, सांध्यातले इंजेक्शन हेही त्यात येऊ द्या. माळव्यातल्या खेड्यांतून येणारे कित्येक रुग्ण गुडघ्यांसाठी बिननावाच्या पुड्या घेतात. त्यांत काय असते ते देणाराच जाणे. वाचकांनीही अधूनमधून चष्मा लावून, एकेक डोळा झाकून चौकटीच्या कागदाकडे पाहावे. रेषा वाकल्या, की त्याच आठवड्यात दाखवावे.

माझ्या दवाखान्यात आता नोंदणीच्या खिडकीवरच ‘घरातली सर्व औषधे पिशवीत घालून आणा’ अशी पाटी आहे. पिशव्या तपासण्यात वेळ जातो, बाहेर रांग कुरकुरते. गेल्या आठवड्यात एका आजींच्या पिशवीतून तीन मलमे, दोन पुड्या आणि नातवाचा हरवलेला भोवरा निघाला.