व्हीलचेअर पाठवली, पुढे काय?

मागच्या शनिवारी ऑफिसच्या वतीने समाजसेवा केली. म्हणजे काय, तर सॅन होजेच्या एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही साठेक इंजिनियर जमलो, टेबलांवर सुटे भाग मांडलेले होते, आणि तीन तासांत व्हीलचेअर्स जोडायच्या होत्या. मग त्या कंटेनरमधून परदेशी जाणार. पिझ्झा, टीशर्ट, ग्रुप फोटो, सगळं झालं. सगळे खूश होते. मीही हसलो फोटोत. पण घरी येताना गाडीत काही बोललो नाही. बायकोने विचारलं, "काय झालं रे?" म्हटलं, "काकांची खुर्ची आठवली."

ही काकांची गोष्ट आधी सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

माझे धाकटे काका संगमेश्वर तालुक्यात राहतात. काही वर्षांपूर्वी आंबे काढताना झाडावरून पडले आणि कमरेखालची संवेदना गेली. मी इथे अमेरिकेत. दुसरं काय करू शकत होतो? शेजारच्या आजोबांची व्हीलचेअर त्यांच्या मुलाने मला फुकट देऊन टाकली. चकाचक, क्रोमची. मी ती विमानातून नेली, मुंबईहून एसटीने गावी पोचवली, आणि आपण काहीतरी मोठं केलं अशा थाटात परत आलो.

झालं काय? रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी. घराला वीतभर उंबरठा. न्हाणीघराचं दार खुर्चीपेक्षा अरुंद. पुढची दोन चाकं लहान आणि टणक, अंगणातल्या मातीत रुतून बसायची. ते आजोबा होते धिप्पाड, काका काटकुळे. त्या रुंद सीटवर ते एका बाजूला कलंडून बसायचे. गादी नव्हती, आणि ती लागते हे मला माहीतच नव्हतं! संवेदना नसलेल्या माणसाला टोचलेलं कळत नाही. दर थोड्या वेळाने हातांवर भार देऊन अंग उचलायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दोन महिन्यांत माकडहाडावर जखम झाली, ती चिघळली, आणि काका कित्येक आठवडे रत्नागिरीला पालथे पडून होते. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा खुर्ची पडवीत होती, तिच्यावर पंचे वाळत घातलेले. काका मलाच समजावत होते, "अरे, खुर्ची चांगली आहे रे. पण ती तुमच्या तिकडच्या माणसासाठी केलीय."

आता मला सांगा, हेच मी ऑफिसात केलं असतं तर? युजर कोण ते विचारायचं नाही, तो कुठे वापरणार ते बघायचं नाही, टेस्टिंग नाही, ट्रेनिंग नाही, सपोर्ट नाही, आणि एकदा माल पोचवला की काम झालं म्हणून पार्टी करायची! मॅनेजरने दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. पण दान म्हटलं की आपण हे सगळे नियम खुंटीला टांगून ठेवतो.

गंमत म्हणजे ज्यांना हे नीट कळलं ती माणसं इथून तासाभराच्या अंतरावर काम करत होती. राल्फ हॉचकिस नावाचा इंजिनियर. १९६६ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याचे पाय गेले. १९८० मध्ये तो निकाराग्वाला गेला, तर तिथे चार तरुण मिळून एकच व्हीलचेअर वापरत होते. त्याने इथून चार खुर्च्या पाठवल्या नाहीत. तिथल्या लोकांबरोबर बसून, तिथे मिळणाऱ्या सामानातून, तिथल्या वर्कशॉपमध्ये बनेल आणि तिथेच दुरुस्त होईल अशी खुर्ची करायला घेतली. पुढे १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत 'व्हर्लविंड' सुरू झालं. त्यांच्या 'रफरायडर' खुर्चीची पुढची चाकं रुंद असतात, म्हणजे मातीत रुतत नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर जास्त, म्हणजे खड्ड्यात माणूस तोंडावर आपटत नाही. मागचे टायर साध्या सायकलचे. थोडक्यात, संगमेश्वरच्या सायकलवाल्याला जमेल असं काम.

इंग्लंडच्या 'मोटिव्हेशन' संस्थेचंही तेच. १९९१ मध्ये ती काढणारा डेव्हिड कॉन्स्टंटाइन स्वतः व्हीलचेअरवर. त्यांचं पहिलं काम बांगलादेशात, ढाक्याजवळच्या सावर इथल्या सीआरपी या पुनर्वसन केंद्रात, तिथेच वर्कशॉप उभारून.

याउलट डॉन शोएनडॉर्फर. हाही इंजिनियरच. मोरोक्कोत एक बाई रस्त्यावरून सरपटत जाताना त्याने पाहिली आणि ते चित्र डोक्यातून जाईना. २००१ मध्ये त्याने 'फ्री व्हीलचेअर मिशन' काढलं. अंगणात ठेवतो ती प्लास्टिकची पांढरी खुर्ची, तिला सायकलची चाकं! स्वस्त आणि मजबूत. आजवर त्यांनी दहा लाखांच्या वर खुर्च्या वाटल्यात. टीका झाली की एकाच मापाची खुर्ची सगळ्यांना कशी चालेल? ती टीका बरोबर होती. पण त्यांनी नंतर वेगवेगळ्या मापांच्या, जुळवता येणाऱ्या खुर्च्या आणल्या, हेही सांगायला हवं.

आणि इथेच माझ्या मुद्द्याला खरा विरोध आहे. कोणी म्हणेल, "अहो, जो माणूस आज जमिनीवर सरपटतोय त्याला तुम्ही मापं घेणारा थेरपिस्ट येईपर्यंत थांबा म्हणणार का?" प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात ८ कोटी लोकांना व्हीलचेअर लागते, आणि देशादेशाप्रमाणे त्यातल्या फक्त ५ ते ३५ टक्के लोकांना ती मिळते. एवढी मोठी रांग असताना नखरे कसले?

पण काकांची खुर्ची 'काहीच नसण्यापेक्षा बरी' नव्हती. काहीच नव्हतं तेव्हा निदान जखम तरी नव्हती! याच संघटनेने २००८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्हीलचेअर देण्याच्या आठ पायऱ्या आहेत: नाव नोंदणं, तपासणी, निवड, पैशाची सोय व मागणी, खुर्ची तयार करणं, अंगाला जुळवणं, वापरायला शिकवणं, आणि शेवटी देखभाल-दुरुस्ती. आम्ही शनिवारी जे केलं ते पाचव्या पायरीचा एक तुकडा. बाकीच्या सात पायऱ्यांचा फोटो निघत नाही, म्हणून त्यांना पैसे मिळत नाहीत. दुखणं आहे ते इथे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खुर्च्या पाठवू नका असं नाही. पण देणगी देण्याआधी संस्थेला तीन प्रश्न विचारा. खुर्ची अंगाला जुळवून देणारा माणूस तिथे आहे का? गादी आणि शिकवणी तिच्यासोबत मिळते का? चाक मोडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि किती वाटल्या हा आकडा विचारू नका, वर्षभराने किती चालू आहेत ते विचारा. उत्तर नसेल तर तेच पैसे एखाद्या तिथल्या मेकॅनिकच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या पगाराला द्या. त्यावर तुमचं नाव लागणार नाही, पण उपयोग होईल.

मी सोमवारी हे तीन प्रश्न आयोजकांना मेलने विचारलेत. ऑफिसात दोघा-तिघांनी "कशाला रसभंग करतोस" असं तोंड केलं. असो.

काका आता बरे आहेत. मापाची खुर्ची मिळाली, सायकलचे टायर असलेली. उंबरठा गवंड्याने काढून उतार केला. तो खर्च माझ्या विमानाच्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी होता. आधीच विचारलं असतं तर?