कर्करोग हटला, हृदयाचे काय?

‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ ही म्हण आपण सहज वापरतो. कर्करोगाच्या बाबतीत ती वापरू नये, असे मला वाटते. कारण इलाज टाळला तर रोग जीव घेतो. खरा प्रश्न वेगळाच आहे. इलाजाची झळ हृदयाला लागते, तेव्हा तिकडे पाहायचे कोणी?

स्तनाच्या आणि रक्ताच्या कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध गेली पाच दशके असंख्य जीव वाचवीत आले आहे. परंतु त्याची एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात. १९७९ साली अमेरिकेत डॉ. व्हॉन हॉफ आणि सहकाऱ्यांनी ४,०००हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून हे दाखवून दिले. १९९८ मध्ये तेथे मान्यता मिळालेल्या ट्रास्टुझुमॅबनेही हृदय अशक्त होऊ शकते. मात्र वेळीच लक्षात आले तर ते बहुधा सावरते.

अशा निरीक्षणांतूनच कार्डिओ-ऑन्कॉलॉजी ही शाखा उभी राहिली. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तिची पहिली मार्गदर्शिका २०२२ मध्ये काढली. रुग्णाच्या खाटेशी प्रश्न टिपायचा आणि प्रयोगशाळेत उत्तर शोधायचे, ही या डॉक्टरांची वाट. ती आपल्याला अनोळखी नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयात तंबाखू, चुट्टा, एवढेच काय, कंबरेला घट्ट बांधलेले धोतर यांचेही कर्करोगाशी असलेले नाते रुग्णांच्या सवयींवरूनच उलगडले होते.

आपल्या पाटण तालुक्यातला रुग्ण केमोसाठी कराड गाठतो, नाहीतर नातलगांच्या आधाराने मुंबईत परळला जातो. उपचार संपले की कोयनाकाठी परततो. पुढे चढण चढताना दम लागला, पायांवर सूज आली, तर घरचे म्हणतात, “केमोचा अशक्तपणा आहे, होईल कमी.” कर्करोगाचे डॉक्टर दूर, गावच्या डॉक्टरांना कोणते औषध किती दिले, हे ठाऊक नसते. या दोघांच्या मधल्या अंतरातच हृदय खचत जाते.

तालुक्याला असा तज्ज्ञ मिळेल तेव्हा मिळेल. तोवर हृदयाला धोका असलेल्या उपचारांआधी, दरम्यान आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने टू-डी इको करावा. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवावी. औषधाचे नाव आणि एकूण मात्रा मराठीत लिहिलेला कागद रुग्णालयाने द्यावा आणि घरच्यांनी तो जपावा. भीतीपोटी केमो मात्र सोडू नये.

कर्करोगातून उठलेल्या माणसाला लागणारा दम ‘अशक्तपणा’ म्हणून निकालात काढण्याचा अधिकार कोणालाही नाही.