सुतकी तोंडाच्या सोबत्याची बाजू

विनोदी खेळात नायकासोबत प्राणी असला की तो बागडणाराच हवा, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. पडेल चेहऱ्याचा, भेदरलेला प्राणी आणला तर हसू मरतं, आणि मेलं नाही तर ते क्रूर असतं, असं आक्षेपकांचं म्हणणं.

उदाहरण त्यांच्याच सोयीचं घेऊ. रिकदो कोशी यांच्या चित्रकथेवरची ‘एक्सेल सागा’ ही जपानी ॲनिमे मालिका १९९९ साली आली. एक्सेल ही एक शहर ताब्यात घ्यायला निघालेल्या गुप्त संघटनेची उतावीळ शिपाई. खिशात दमडी नाही, घरात दाणा नाही. तिने मेंची नावाचं कुत्रं पाळलं आहे, म्हणजे अगदीच अडलं तर शिजवायला ठेवलं आहे. मेंचीला हे पक्कं ठाऊक. ते पळू पाहतं, पुन्हा सापडतं. मालिकेच्या अखेरच्या गाण्यात तर ते भुंकून आपली व्यथा गातं आणि शेजारी उभी असलेली बाई माणसांच्या भाषेत ती सांगते.

यात हसू कुठे मेलं? एक्सेल क्षणभर गप्प बसत नाही. तिच्याशेजारी आणखी एक उड्या मारणारं कुत्रं ठेवलं असतं, तर दोन मिनिटांत कान किटले असते. वेडेपणा केवढा चाललाय हे कळायला शेजारी कुणीतरी शहाणं आणि घाबरलेलं लागतंच. आपल्या जुन्या नाटकांनाही हे माहीत होतं. ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय विदूषक खरा, पण येतो तो कुरकुरत. मित्राच्या भरभराटीत मोदक खाल्लेला हा ब्राह्मण आता इकडेतिकडे पोट भरून पाळीव पारव्यासारखा मुक्कामापुरता चारुदत्ताच्या घरी परततो. मित्राचं दारिद्र्य आपल्याला त्याच्या तोंडून कळतं आणि तरी हसू येतं.

क्रूरतेचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. पातेल्याचा तोच विनोद ‘एक्सेल सागा’त इतक्या वेळा येतो, की कधी कधी मलाही कंटाळा येतो. पण आपण हसतो कुणाला? पाळलेल्या जिवाकडे जेवण म्हणून बघायला लावणाऱ्या भुकेला. हे गडचिरोलीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथे अंगणातल्या कोंबड्याला हाका मारून दाणे टाकतात आणि पाहुणा आला की तोच रश्श्यात येतो. कायद्याने बंदी असूनही भरणाऱ्या कोंबडबाजारात त्याच्या पायाला पातं बांधतात. हरला की तो जिंकणाऱ्याच्या चुलीवर. कोंबड्याला बोलता आलं असतं तर तो आनंदाने बागडला असता, असं खुशाल म्हणावं, पण मग क्रूर कोण, मेंची रेखाटणारा की कोंबडा हसरा रंगवणारा?

आणि पोरांच्या कोवळ्या मनाची काळजी? ज्या चंद्रपुरात मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस वाघाच्या तावडीत सापडतं, तिथल्या पोराला प्राणी म्हणजे गुदगुल्या करणारं खेळणं असं शिकवणं हा खरा अन्याय.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला तर हे नवं नाहीच. धानाची कापणी उरकली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, रात्रभर खेळ रंगतो. आईच्या मरणावर मंडप रडतो आणि पुढच्याच प्रवेशात विनोदी नट येऊन त्याच मंडपाला लोळवतो. २०२३ साली पद्मश्री मिळालेले परशुराम खुणे याच रंगभूमीचे. रडणं आणि हसणं एकाच रात्रीत सोसणारा हा प्रेक्षक उदास प्राण्याला का घाबरेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. येत्या हंगामात एखाद्या कंपनीने विनोदी नटाच्या जोडीला कोंबड्याचं सोंग द्यावं. त्याने नाचू नये. मालकाच्या प्रत्येक फुशारकीनंतर त्याने फक्त चुलीकडे बघावं आणि दोन पावलं मागे सरावं. मालकाच्या विनोदाला टाळ्या किती पडतात आणि त्या दोन पावलांना किती, हे मग आक्षेपकांनी समोरच्या सतरंजीवर बसून मोजावं.