विश्लेषण : बड्या ‘गिल्ड’ची दुश्मनी उघड, मग दोस्ती गुपचूप का?

अनंत चतुर्दशीला पुण्यात मानाचे पाच गणपती ठरलेल्या क्रमाने लक्ष्मी रस्त्यावर येतात. देखाव्यात, ढोल-ताशात मंडळांची चुरस असतेच; पण आधी कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, यावर या पाचांत वाद नाही. ही सहमती नसती तर मिरवणूक संपलीच नसती. ऑनलाइन गेममधल्या वरच्या पातळीवरच्या गिल्डचे गणितही असेच आहे.

गिल्ड म्हणजे काय?

खेळाडूंनी गेममध्येच बांधलेली कायमची संघटना. फ्री फायरमध्ये तिला गिल्ड म्हणतात, बीजीएमआय आणि क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये क्लॅन. वरच्या गिल्डमध्ये भरती, वेळापत्रक, सामायिक खजिना, शिस्त असे सगळे असते. घरच्यांना मुलगा ‘एकटाच मोबाइलमध्ये’ दिसतो. हेडफोनमध्ये मात्र मीटिंग भरलेली असते.

वैरीही लागतात

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये जानेवारी २००६ मध्ये ‘आन किराज’ या नगरीचे दरवाजे उघडायचे होते. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर एकमेकांचे कट्टर वैरी असलेल्या दोन्ही गटांना मलमपट्ट्या, धातू, शिजवलेले अन्न असा प्रचंड साठा जमवावा लागला. एका गटाने हात आखडला तर दोघेही दाराबाहेर. दरवाजाची घंटा वाजवण्यासाठी लागणारा राजदंड मात्र एका खेळाडूच्या हाती यायचा आणि त्याच्यामागे अख्खी गिल्ड राबायची. म्हणून साठा सगळ्यांचा, पण पहिल्या घंटेसाठी रस्सीखेच.

‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या गेममध्ये तर २७ जानेवारी २०१४ ला एका ठाण्याचे भाडे भरायचे राहिले आणि युद्ध पेटले. सुमारे २१ तास चाललेल्या या लढाईत साडेसात हजारांहून अधिक खेळाडू होते आणि ७५ ‘टायटन’, म्हणजे त्या गेममधली सर्वांत मोठी जहाजे, नष्ट झाली.

खरी मेख इथे आहे

याच गेममध्ये २०१२ मध्ये काही बड्या संघांनी टेक्निशियम या खनिजाचा भाव चढा ठेवण्यासाठी ‘ओटेक’ नावाची युती केली. नाव उघडच तेलवाल्या ‘ओपेक’वरून घेतलेले. खाणी मोजक्या, त्याही बड्यांच्या ताब्यात. त्यामुळे छोट्यांना महाग माल घ्यावाच लागे. अखेर सीसीपी या आइसलँडच्या कंपनीने दुसऱ्या खनिजांपासून पर्याय बनवायची सोय गेममध्ये आणली, तेव्हा मक्तेदारी सैल झाली.

म्हणजे दोन दुश्मन गिल्ड हातमिळवणी करतात तेव्हा ती दरवेळी खिलाडूवृत्ती नसते. साटेलोटेही असू शकते. बीजीएमआयमध्ये विरोधी संघांनी सामन्यात संगनमत केले तर ते ‘टीमिंग’ ठरते आणि खाते बंद होऊ शकते. ईव्हमध्ये तेच मुत्सद्देगिरी. दोन्ही नियम आपापल्या जागी ठीक आहेत. अडचण होते ती नियम धूसर असतो तेव्हा. तेव्हा मार बसतो नव्या गिल्डला, कारण तिच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. (मंडळांच्या बाबतीत निदान कोर्ट तरी आहे. मानाच्या गणपतींच्या अग्रक्रमाविरुद्धची याचिका २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली होती. ती फेटाळली गेली, पण ऐकली तर गेली.)

गेममध्ये मैदान कंपनीचे, नियम कंपनीचे, पंचही कंपनीचेच. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली. गिल्डमधले व्यवहार मात्र कंपनीवरच सोडले आहेत. सरकारने त्यात नाक खुपसावे असे कोणी म्हणणार नाही. पण कुठली युती चालेल, कुठली नाही आणि तक्रारीचे पुढे काय झाले, हे कंपनीने साध्या भाषेत, शक्यतो मराठीतही, जाहीर करायला हरकत काय?

हा प्रश्न विचारायला आइसलँडला जायची गरज नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडस’ पुण्यातल्याच सुपरगेमिंगचा. त्यात सगळ्यांना संपवण्याऐवजी शेवटी ‘कॉस्मियम’ ताब्यात घेऊनही सामना जिंकता येतो. जिंकणे कशाला म्हणायचे, हे ठरवणारी माणसे याच शहरात बसतात.